लिझमोर : घरबाजार आणि राहणीमान

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातील ईशान्येकडचे नदीकाठचे शहर. ब्रिस्बेनच्या दक्षिणेस सुमारे २०० किमी. लोकसंख्या तीस हजारांच्या आत. लेस्टर ओढा विल्सन्स नदीला मिळतो त्या संगमालगतच इथली बाजारपेठ आहे. ही मूळची बुंदजालुंग लोकांची भूमी. एकोणिसाव्या शतकात लाल सिडारच्या (म्हणजे भारतातही आढळणाऱ्या तून वृक्षाच्याच) लाकडासाठी गोरे लाकूडतोडे आले. ओंडके नदीतून वाहून नेता यावेत म्हणून वस्ती पाण्याला चिकटून वाढली, आणि पुढचे पुराचे सगळे प्रश्न त्यातून उद्भवले.

इथे घराचा भाव ठरवताना चौरस मीटरइतकेच महत्त्व उंचीला असते. नॉर्थ आणि साउथ लिझमोर हे सखल भाग. गुनेलाबा आणि लिझमोर हाइट्स टेकडीवर. वर राहणे महाग, खाली स्वस्त. विक्रीच्या जाहिरातीत घर पुराबाहेर असल्याचे आवर्जून सांगतात. सखल भागातली जुनी घरे लाकडी फळ्यांची, पत्र्याच्या छपराची, खांबांवर उचललेली. पूर ओसरला की भिंती धुवायच्या, वाळवायच्या आणि पुन्हा राहायला जायचे, अशी ती रीत होती. अलीकडच्या जिप्समच्या भिंती मात्र एकदा भिजल्या की उपटून फेकाव्या लागतात. जुन्या सुतारांना नदी अधिक कळली होती, असेच म्हणावे लागते. पूरविम्याचा वार्षिक हप्ता हजारो डॉलरांचा असल्याने अनेक घरांना विमाच नव्हता.

२००५ मध्ये बाजारपेठेभोवतीचा बांध पूर्ण झाला. २०१७ च्या पुराने तो ओलांडला. २८ फेब्रुवारी २०२२ रोजी पाणी १४.४ मीटरवर गेले. आधीचा उच्चांक १२ मीटरच्या किंचित वर होता. त्याच्या भरवशावर उचललेली घरेही बुडाली, माणसे छपरांवर चढली, आणि त्यांतल्या कित्येकांना आपापल्या छोट्या बोटी घेऊन निघालेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वाचवले. महिन्याभरात, ३० मार्चला, बांध पुन्हा ओलांडला गेला.

त्यानंतर राज्य सरकारने धोक्याच्या पट्ट्यातील घरे पुरापूर्वीच्या भावाने विकत घेण्याची योजना आणली. विकायचे की नाही हे मालकाने ठरवायचे. योजना आवश्यकच होती, पण मिळालेल्या रकमेत टेकडीवर तसे घर मिळणे अवघड. करोनाकाळात जवळच्या किनाऱ्यावरील बायरन बे या पर्यटनस्थळाच्या परिसरातले भाव भडकले होते आणि त्याची झळ आतल्या गावांनाही पोहोचली होती. भाडेकरूंची स्थिती सर्वांत वाईट झाली : खरेदीचा पैसा मालकाला, आणि शहरात भाड्याची घरे आणखी कमी. सदर्न क्रॉस विद्यापीठाच्या आवारात तात्पुरत्या खोल्यांची वसाहत उभी करावी लागली.

तरीही शहर रिकामे झाले नाही. विद्यापीठ आणि मोठे सरकारी रुग्णालय रोजगार देतात; साउथ लिझमोरमधला नॉर्को सहकारी दूधसंघाचा आइस्क्रीम कारखाना पुरानंतर पुन्हा सुरू झाला. १९७३ च्या ॲक्वेरियस या तरुणांच्या कला-महोत्सवानंतर जवळच्या निम्बिन गावात स्थिरावलेल्या पर्यायी जीवनशैलीच्या मंडळींमुळे कलाकारांचाही इथे राबता आहे. सरकारने घेतलेली काही घरे पाडली जातात, काही घरे अख्खी उचलून उंचावर नेली जातात. मधल्या मोकळ्या भूखंडांशेजारी न विकणाऱ्यांची घरे उभी आहेत : वर संसार, खाली रिकामा तळ.