घरफोडी-प्रतिबंध (महाराष्ट्रातील राखण व गस्त)

घरफोडी-प्रतिबंध : कुलूपबंद किंवा झोपेतल्या घरात चोराचा शिरकाव होऊ नये म्हणून घरच्यांनी केलेला बंदोबस्त आणि वस्तीने ठेवलेली राखण. महाराष्ट्रात या दोन्ही गोष्टी पूर्वीपासून जोडीने चालत आल्या आहेत. अलीकडे मात्र सारा भर पहिलीवर पडतो, कारण कुलपे, कॅमेरे आणि सायरन दुकानात मिळतात. मजबूत कुलूप चोराला काही मिनिटे अडवते. तेवढ्या वेळात कोणाच्या तरी कानावर आवाज जायला हवा, समोरच्या घरात दिवा लागायला हवा. ऐकणारे कोणीच नसेल तर कटावणीपुढे कोणतेही कुलूप फार काळ टिकत नाही.

कायद्याच्या भाषेत घरफोडी म्हणजे केवळ दार फोडणे नव्हे. भिंतीला भगदाड पाडून, गज वाकवून, माणसाच्या येण्याजाण्यासाठी नसलेल्या वाटेने किंवा कोणतेही कुलूप उघडून घरात घुसणे, हे सारे घरफोडीच आहे. भारतीय दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तिची व्याख्या कलम ३३० मध्ये आणि शिक्षा कलम ३३१ मध्ये आहे. चोरीच्या उद्देशाने दिवसा केलेल्या घरफोडीला दहा वर्षांपर्यंत, तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेल्या घरफोडीला चौदा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. राहत्या घरातल्या चोरीसाठी कलम ३०५ वेगळे आहे. पायपुसण्याखाली ठेवलेली किल्ली घेऊन चोर आत गेला तरी कायद्याने ती घरफोडीच ठरते. विमा कंपन्या मात्र बहुधा बळजबरीने घुसल्याच्या खुणा मागतात, आणि अशा वेळी घरमालकाची पंचाईत होते.

गावगाड्यात राखणीचे काम नेमलेल्या माणसांकडे होते. रात्री वेस बंद होई, जागल्या गावात फिरे, आला-गेला पाहुणा कोणाकडे उतरला आहे हे पाटलाला कळवले जाई. काही गावांत हे काम महार वतनदारांकडे, तर काही ठिकाणी रामोशी, कोळी किंवा भिल्लांकडे असे. चोरी झाली की जागल्याने माग काढायचा. पावलांचा माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवला की जबाबदारी त्या गावावर जाई, आणि तेथून माग पुढे नेणे त्या गावच्या राखणदाराचे काम ठरे. माग लागला नाही, तर गेलेल्या मालाची भरपाई राखणदाराला किंवा गावाला करून द्यावी लागे. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीचे वर्णन आहे. भरपाईचे सारे ओझे पुष्कळदा गावातल्या सर्वांत गरीब माणसावर येई, हा या व्यवस्थेतला अन्याय होता. तरीही चोरी हे एका घराचे नव्हे तर अख्ख्या गावाचे देणे आहे, ही समज तिच्या मुळाशी होती.

इंग्रजी अमलात ही घडी मोडली. गड-किल्ल्यांची राखण करणाऱ्या रामोश्यांचे उत्पन्न गेले. त्यांच्यातूनच इंग्रजांविरुद्ध बंड करून उभा राहिलेला उमाजी नाईक याला ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी देण्यात आले. पुढे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि नंतरच्या काळात त्याचा विस्तार होत जाऊन अनेक जमातींच्या माथी जन्मतःच चोराचा शिक्का बसला. पोलिसांकडची हजेरी, फिरण्यावर बंदी आणि तारेच्या कुंपणातल्या वसाहती त्यांच्या वाट्याला आल्या. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला. पारध्यांच्या पालावर घरफोडीनंतर पहिला छापा पडण्याची रीत मात्र त्याबरोबर गेली नाही. शेजाऱ्यांच्या सावधपणाविषयी लिहिताना हा इतिहास वगळून चालणार नाही. ‘संशयित’ कोणाला म्हणायचे, ही आपली नजर त्यानेच घडवली आहे.

कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने, तर पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली. त्यानंतर महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार नेमणुकीचा पोलीस पाटील आला. गावात आलेल्या अनोळखी माणसांची, गुन्ह्यांची आणि गुन्ह्याच्या तयारीची खबर पोलीस ठाण्याला देणे हे त्याचे काम आहे. त्याच्या जोडीला पोलीस ठाण्याच्या पुढाकाराने ग्रामसुरक्षा दले उभी राहतात. गावातली तरुण मुले पाळीपाळीने काठी, विजेरी आणि शिट्टी घेऊन रात्रीची गस्त घालतात. दारूबंदीसाठी २०१६ च्या कायद्याने आलेले ग्रामरक्षक दल वेगळे, दोहोंची गल्लत अनेकदा होते. ग्रामसुरक्षा दलांची अडचण जुनीच आहे. एखाद्या वस्तीवर दरोडा पडला की पंधरा दिवस गस्तीला झुंबड उडते, ऊसतोड किंवा पेरणी सुरू झाली की माणसे पांगतात. म्हणून ज्या गावांनी गस्तीची पाळी वहीत लिहून ठेवली आहे आणि रोज थोडीच माणसे लावली आहेत, तिथेच ती टिकते. अनेक जिल्ह्यांत ग्रामसुरक्षा यंत्रणा ही दूरध्वनी सेवाही वापरात आहे. संकटातल्या माणसाने ठरलेल्या क्रमांकावर निरोप बोलला की तोच निरोप त्याच्याच आवाजात गावातल्या नोंदलेल्या सगळ्या मोबाइलवर फोन म्हणून वाजतो. शेतावरच्या एकट्या वस्तीसाठी ही फार मोलाची सोय आहे. मध्यरात्री आलेला लेखी संदेश सकाळी वाचला जातो, फोन मात्र झोपेतून उठवतो.

शहरातली घरफोडी वेगळ्या चालीने होते. आधी रेकी, म्हणजे घराची टेहळणी, होते. दारात साचलेली वर्तमानपत्रे, दुधाच्या पिशव्या, दिवसाही जळणारा बाहेरचा दिवा आणि दर्शनी भागात लटकणारे मोठे कुलूप एकच गोष्ट सांगतात, की आत कोणी नाही. नोकरदार जोडप्याचा फ्लॅट सकाळी अकरा ते दुपारी चारपर्यंत बंद असतो आणि अनेक घरफोड्या भरदिवसा याच वेळात होतात. रात्रीच्या घरफोडीत चोर आधी शेजारच्या दारांना बाहेरून कड्या घालतात, म्हणजे आवाज ऐकूनही कोणाला बाहेर पडता येत नाही. शेजारी धावून येईल याची खुद्द चोराला किती धास्ती असते, हे यावरून कळते. या युक्तीवर उपाय सोपा आहे : दाराच्या बाहेरच्या बाजूची कडी काढून टाकावी आणि निदान दोन शेजाऱ्यांचे क्रमांक फोनमध्ये वर ठेवावेत. उन्हाळ्यात घरची मंडळी गच्चीवर झोपतात आणि खालचे दार नुसते लोटलेले राहते, हाही चोरांच्या हिशेबातला ठरलेला मोसम आहे. गणपतीला चाकरमानी कोकणात गेले की मुंबई-ठाण्यातल्या इमारतींचे मजलेच्या मजले एकदम बंद होतात. वर्षाचे बाकीचे महिने कोकणातली घरे बंद असतात. तिथे भावकीतले किंवा शेजारचे कोणीतरी किल्ली ठेवून घेते, संध्याकाळी देवापुढे दिवा लावते, अंगण झाडते. ते घर नांदते दिसते, आणि हीच त्याची राखण.

घराच्या बंदोबस्तात सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे कडी-कोयंडा. हजारो रुपयांचे कुलूप लाकडात दीड इंच स्क्रूने बसवलेल्या कोयंड्यात अडकवले, तर चोर कुलपाला हातही लावत नाही; पत्र्याचा कोयंडा एका हिसक्यात उपसतो. चौकट भिंतीत घट्ट हवी, कोयंडा आरपार बोल्टने बसवलेला हवा. दाराच्या आत बसवलेले लिव्हरचे कुलूप बाहेरून लटकणाऱ्या कुलपापेक्षा बरे, कारण घर बंद आहे की आतून लावले आहे हे बाहेरून कळत नाही. नुसते ओढून घेतलेल्या लॅचवर विसंबू नये, जाताना किल्ली फिरवावी. जाळीचे सेफ्टी डोअर, दारातले भिंग आणि साखळी यांचा उपयोग घरात एकट्या असलेल्या वृद्धांना विशेष होतो. खिडकीच्या ग्रिलला आतून कुलूप लावता येईल असा एक भाग ठेवावा. आग लागली तर बाहेर पडायला तीच वाट असते. पाण्याच्या पाइपालगतची बाल्कनी आणि न्हाणीघराची काचपट्ट्यांची खिडकी या दोन जागा घरमालकाच्या नजरेतून सुटतात, चोराच्या नाही. सीसीटीव्ही लावला तर त्याचा डीव्हीआर (चित्रण साठवणारी पेटी) कपाटात कुलूपबंद असावा, कारण सराईत चोर जाताना तो काढून नेतात. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणाऱ्यांनी एक नियम लक्षात ठेवावा : रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सूचनांनुसार आग, चोरी, घरफोडी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधला ऐवज गेला, तर बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते. दागिन्यांची किंमत याहून जास्त असेल तर वेगळा विमा लागतो.

चाळीत राखण आपोआप होत असे. सामाईक गॅलरी, दिवसभर उघडी दारे, ओट्यावर निवड-टिपण करणाऱ्या बायका. अनोळखी माणसाला ‘कोण पाहिजे?’ हा प्रश्न तीनदा ऐकल्याशिवाय शेवटच्या खोलीपर्यंत पोचता येत नसे. फ्लॅटच्या बंद दारांमागे हा प्रश्न विचारणारे कोणी उरले नाही आणि तो वॉचमनवर सोपवला गेला. वॉचमनला सोसायट्या पंप सुरू करायला, गाड्या धुवायला, सामान वर न्यायला पाठवतात, आणि नेमके त्याच वेळी फाटक मोकळे असते. बारा-बारा तास जागणाऱ्या माणसाला डुलकी लागली तर दोष नेमणूक करणाऱ्यांचा आहे. राज्यात खासगी सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ चा कायदा आणि त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळे आहेत. नेमणूक रीतसर केली की रक्षकाची ओळख पडताळलेली असते आणि त्याला त्याचे हक्कही मिळतात. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे, कुरिअर-दुरुस्तीवाल्यांची नोंद वहीत ठेवणे, गावाला जाताना शेजाऱ्याला सांगणे आणि समाजमाध्यमांवर प्रवासाचे फोटो परत आल्यावर टाकणे, ही कामे बिनखर्चाची आहेत.

सावधपणा कुठे थांबवायचा, हे ठरवणे मात्र सर्वांत अवघड. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांचा असाच बळी गेला; टाळेबंदीत चोर फिरत असल्याच्या अफवा त्या भागात पसरल्या होत्या आणि गावकरी रात्री पहारे देत होते. मारले गेलेल्यांपैकी कोणीही चोर नव्हते. म्हणून गस्तीचे काम पाहणे, शिट्टी वाजवणे आणि पोलीस मदतीच्या ११२ क्रमांकावर फोन करणे एवढेच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार आपल्यासमोर दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिक पकडू शकतो, पण विनाकारण वेळ न लावता आणि फार तर सहा तासांत त्याला पोलिसांच्या हवाली केले पाहिजे. झडती घेणे, बांधून मारणे, कबुली वदवणे हे गुन्हे आहेत. गस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात फोटो टाकून ‘हा फिरतोय, लक्ष ठेवा’ असे लिहिण्यापूर्वी पोलीस पाटलाला किंवा ठाण्याला विचारावे. त्या फोटोतला माणूस बहुधा कामाच्या शोधात आलेला किंवा भिक्षा मागणारा असतो.

घरफोडी झालीच, तर आत जाऊन कपाटे आवरू नयेत. ठसेतज्ज्ञ आणि श्वानपथक येईपर्यंत सारे तसेच राहू द्यावे. फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण सांगून ती नाकारता येत नाही. फिर्यादीत ‘सोन्याचे दागिने’ एवढेच लिहून भागत नाही. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या नव्या दागिन्यावर विक्रीच्या वेळी सहा अक्षर-अंकांची एचयूआयडी ओळख असावी लागते आणि ती प्रत्येक नगाची वेगळी असते. ही ओळख, पावत्या, दागिन्यांचे फोटो आणि मोबाइलचे आयएमईआय क्रमांक घराबाहेर, एखाद्या नातेवाइकाकडे किंवा ईमेलवर जपून ठेवावेत. माल सापडला तरी तो न्यायालयाच्या आदेशानेच परत मिळतो, आणि त्या वेळी हे मंगळसूत्र आपलेच हे सिद्ध करण्यासाठी याच नोंदी कामी येतात. सोने वितळवून लगड झाली असेल तर ओळख पटवणे फार कठीण जाते. म्हणून पहिल्या काही तासांत दिलेले अचूक वर्णन सराफांपर्यंत पोचवणे हे तपासातले निर्णायक पाऊल ठरते.