पट्ट्याची घसरण ओळखणे

मोटारीच्या पुलीवरची पकड सुटून पट्टा मागे पडू लागला, किंवा यंत्राच्या पुलीवर तो नुसताच सरकू लागला, की त्याला पट्ट्याची घसरण म्हणतात. खानदेशातले मिस्त्री ‘बेल्ट स्लीप होतो’ किंवा ‘पट्टा सटकतो’ म्हणतात; अहिराणीत ‘पट्टा सटकस’. पट्टा पुलीवरून बाजूला निघून पडतो, ते ‘उतरणे’ वेगळे. घसरणीत पट्टा जागेवरच असतो, मोटारही नेहमीसारखी फिरत असते. मागे पडते ते यंत्र. मधली शक्ती रबर तापवण्यात खर्च होते आणि वीजबिलात ती वेगळी दिसत नाही. म्हणून हा दोष महिनोन्‌महिने अंगावर काढला जातो.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत पट्ट्यावर चालणारी यंत्रे गावोगाव आहेत. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी-उडीद दळणारी पिठाची गिरणी, कापसाच्या हंगामात रात्रंदिवस चालणारे जिनिंग, जळगावच्या दालमिला, सरकीच्या तेलगिरण्या, नंदुरबारकडची मिरची कांडपयंत्रे ही त्यांतली ठळक. विहिरीवर इंजिन आणि सपाट पट्ट्याने चालणारे पंप पाणबुडी मोटारी आल्यापासून मागे पडले. आज बहुतेक ठिकाणी व्ही-बेल्टच, म्हणजे खाली निमुळता होत जाणारा आणि पुलीच्या खाचेत बसणारा पट्टाच, दिसतो.

पट्टा ओढतो तो घर्षणाच्या बळावर. खुंट्याला कासऱ्याचे दोन वेढे दिले की ओढ घेणारा बैलही एका हाताने आवरता येतो, तेच तत्त्व इथे आहे. पट्ट्याच्या ताणलेल्या बाजूचा ताण आणि सैल बाजूचा ताण यांचे गुणोत्तर एका मर्यादेपर्यंतच वाढू शकते. ती मर्यादा घर्षणगुणांक आणि पुलीला पडलेला वेढा यांवर ठरते. व्ही-बेल्ट खाचेत पाचरीसारखा बसतो. खाचेचा कोन साधारण ३४ ते ४० अंश असल्यामुळे तेवढ्याच ताणात त्याची पकड सपाट पट्ट्याच्या जवळपास तिप्पट भरते. ही पकड दोन्ही बाजूंच्या भिंतींवर असते, तळाशी नसते. झिजलेल्या खाचेत पट्टा तळाला टेकला की पाचर संपते आणि कितीही ताणले तरी पट्टा घसरतो. खाचेचा तळ आरशासारखा चमकताना दिसला तर दोष पुलीचा समजावा. नुसता नवा पट्टा घालून पैसे वाया जातात. दोन पुल्यांपैकी लहान पुलीवर वेढा कमी पडतो, म्हणून घसरण बहुधा तिच्यावर, म्हणजे मोटारीच्या बाजूला, सुरू होते.

घसरणीशी गल्लत होईल अशा दोन गोष्टी आधी बाजूला काढाव्या लागतात. पहिली म्हणजे रांगण. पट्टा लवचिक असतो. ताणलेल्या बाजूला तो किंचित लांबतो, सैल बाजूला आखडतो, आणि त्या फरकामुळे पुलीवर सतत थोडा सरकत राहतो. यात वेगाचा साधारण अर्धा ते एक टक्का जातो. हा पट्ट्याचा स्वभाव आहे, दोष नव्हे. दुसरी गोष्ट मोटारीची स्वतःची ‘स्लिप’. ५० हर्ट्‌झवर चार ध्रुवांच्या मोटारीचे चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते, पण पूर्ण भारावर मोटारीचा आस सुमारे १४४० च फेरे घेतो. गावाकडे व्होल्टेज पडले की तो आणखी मंदावतो. गिरणीचा दगड हळू फिरतो म्हणून पट्टा आवळायला घेतला आणि खरे कारण कमी व्होल्टेज निघाले, असे सर्रास घडते. तोवर विनाकारण आवळलेल्या पट्ट्याने मोटारीचे बेअरिंग मात्र खाल्लेले असते.

यावरून निदानाचा मुख्य नियम निघतो: एका आसाच्या वेगावरून पट्ट्याबद्दल काहीही ठरवू नये. मोटारीचा आणि यंत्राचा, दोन्ही आसांचे वेग एकाच वेळी घ्यावेत. आणि ते रिकाम्या यंत्रावर एकदा, भारावर एकदा. यासाठी मिनिटाचे फेरे मोजणारा हातातला लेसर टॅकोमीटर पुरतो. यंत्र बंद असताना दोन्ही पुल्यांवर चमकत्या चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावायचा आणि चालू यंत्रावर लांबून वाचन घ्यायचे. समजा, रिकामी गिरणी चालताना मोटार १४९० आणि दगडाचा आस ६१८ फेरे दाखवतो. गुणोत्तर ०.४१५ आले. धान्य सोडल्यावर मोटार १४४० वर आली आणि दगड ५७६ वर, म्हणजे गुणोत्तर ०.४०० झाले. मोटार किती मंदावली हे या हिशेबातून आपोआप वजा होते. उरलेली सुमारे साडेतीन टक्क्यांची घट पट्ट्याची. नीट ताणलेल्या व्ही-बेल्टमध्ये रांगण धरून एक-दोन टक्क्यांपलीकडे काही जाऊ नये, तेव्हा इथे घसरण आहे.

पट्टा घसरला तरी तो जेवढा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतो तेवढाच मोटारीवर पडतो; म्हणून वेगात जितके टक्के गेले तितकेच टक्के शक्तीत गेले. १० एचपीच्या मोटारीवर साडेतीन टक्के म्हणजे सुमारे २६० वॉट. एवढी उष्णता तळहाताएवढ्या पुलीवर आणि पट्ट्यात सतत जिरत असेल, तर रबर टणक होऊन चिरणारच.

पुलीचे व्यास मोजून गुणोत्तर काढण्याची सवय पुष्कळांना असते. त्यात धोका आहे. व्ही-बेल्ट पुलीच्या बाहेरच्या कडेवर चालत नाही, खाचेत थोडा आत चालतो. सपाट पट्ट्यात पट्ट्याची जाडी धरावी लागते: १५० मिलिमीटर व्यासाच्या पुलीवर ६ मिलिमीटर जाडीचा पट्टा असेल तर हिशेबाचा व्यास १५६ होतो, म्हणजे चार टक्के जास्त. जेवढी घसरण शोधायची, जवळपास तेवढीच चूक मापनात. म्हणून कागदावरच्या गुणोत्तरापेक्षा त्याच यंत्राचे रिकाम्या चालीतले गुणोत्तर आधाराला घेणे खात्रीचे.

टॅकोमीटरच्या जोडीला सांध्याचा पट्टाही मदतीला येतो. क्लिपांनी जोडलेल्या सपाट पट्ट्याचा सांधा पुलीवरून जाताना टक् असा आवाज करतो. एकाच पुलीवरचे ते ठोके मिनिटभर मोजले की पट्ट्याच्या फेऱ्या मिळतात, आणि त्या लांबीने गुणल्या की पट्ट्याचा खरा वेग. तो मोटारीच्या पुलीच्या वेगाशी ताडला तर घसरण कोणत्या पुलीवर आहे हेही कळते. दोन टॅकोमीटर लावूनसुद्धा एवढे कळत नाही. बंद पुलीवर खडूची खूण करून ती चालू झाल्यावर ठेक्याने उघडझाप करणाऱ्या दिव्यात पाहण्याची पद्धतही जुनी आहे. दिव्याचा ठेका जुळला की खूण स्थिर दिसते, आणि पुली मागे पडली की ती उलट सरकू लागते. मात्र ‘स्थिर’ दिसणारी पुली पूर्ण वेगाने फिरत असते, हे जवळ उभ्या असलेल्या प्रत्येकाला आधी सांगितले पाहिजे.

डोळे, कान आणि नाक यांची साक्ष उशिरा मिळते, तरी ती टाकाऊ नाही. पट्ट्याखाली साचलेली काळी भुकटी, बाजूंवर आलेली काचेसारखी तकाकी, जळक्या रबराचा वास, मोटार सुरू होताना निघणारी किंकाळी या खुणा अनुभवी फिटर लगेच ओळखतो. सुरुवातीची क्षणभराची किंकाळी भार मोठा असल्याचे सांगते. भारावर चालू असताना ती येत राहिली तर घसरण कायमची आहे. कित्येक ठिकाणी पट्ट्यावर राळ किंवा चिकट पेस्ट टाकून आवाज बंद करतात. आवाज जातो, दोष राहतो. राळेला धूळ, पीठ आणि कापसाची रुई चिकटून खाच आणखी बिघडते. तेलगिरणीत आधी पट्टा आणि पुली पुसून कोरडी करावी, मग निदानाला लागावे. तेलाचा पातळ थर घर्षण एवढे घटवतो की ताण योग्य असूनही पट्टा सटकतो.

हाताला लागणारी उष्णता खानदेशात विशेष फसवी आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडमधले सगळेच लोखंड चटका देते. तापमापकाने मोजायचे तर यंत्र बंद केल्याबरोबर लहान पुली, मोठी पुली आणि पट्टा या तिघांची आपसात तुलना करावी. लहान पुलीच इतरांपेक्षा फार तापली असेल तर संशय पक्का. दुरून मोजणारा इन्फ्रारेड तापमापक चकचकीत धातूवर खूप कमी आकडा दाखवतो. काळ्या पट्ट्यावरचे त्याचे वाचन बरेच विश्वासाचे.

विद्युतप्रवाह मोजणाऱ्या अँमीटरचा उपयोग मर्यादित आहे. पट्टा पूर्ण सटकला तर विद्युतप्रवाह रिकाम्या चालीइतका खाली येतो, ते कळते. पण तीन फेजच्या मोटारीला रिकामी असतानाही बराच प्रवाह लागतो, त्यामुळे तीन-चार टक्क्यांची घसरण काट्यावर उमटत नाही. कांडपयंत्रात भार ठोक्याठोक्याने येतो, आणि घसरण त्या क्षणापुरतीच होते. टॅकोमीटरचे सरासरी वाचन तिथे दिलासा देते, पण पट्टा तर झिजतच असतो.

जिनिंग आणि दालमिलमध्ये हा प्रश्न वीजबिलापुरता राहत नाही. रुईच्या ढिगाशेजारी तापलेली पुली आग लावू शकते. धान्य वर नेणाऱ्या बादल्यांच्या एलेव्हेटरमध्ये पट्टा अडकून वरची पुली त्याखाली फिरत राहिली, तर घर्षणाने पट्टा पेटू शकतो, आणि आत उडणारी डाळीची बारीक धूळ स्फोटक असते. अशा ठिकाणी खालच्या पुलीच्या आसावर वेग पाहणारा सेन्सर बसवतात. वरच्या पुलीवर तो बसवून काही साधत नाही, कारण ती मोटारीबरोबर फिरतच राहते. खालचीला फिरवणारा फक्त पट्टा असतो. वेग ठरलेल्या मर्यादेखाली गेला की आधी घंटा वाजते, मग मोटार बंद होते. यंत्र सुरू होतानाचे पहिले काही सेकंद सेन्सरने दुर्लक्षावेत अशी सोय ठेवावी लागते, नाहीतर कामगार वैतागून त्याची वायर काढून टाकतात.

दात असलेला पट्टा घसरत नाही, तो दात उडवतो. तिथे वरचे हिशेब लागू पडत नाहीत.

कोणतीही तपासणी हाताने चालत्या पट्ट्याला चाचपून करू नये. सैल उपरणे, पदर किंवा ओढणी पट्ट्याने एकदा ओढली की सोडवायला वेळ मिळत नाही. ताण पाहायचा तर मेन स्विच बंद करून, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत. दोन पुल्यांच्या मधोमध ठरलेल्या जोराने दाबल्यावर पट्टा दर मीटर अंतरामागे साधारण १६ मिलिमीटर खाली गेला तर ताण बरोबर. एकाच पुलीवर तीन-चार पट्टे असतील तर ते सगळे एकदम बदलावेत; जुन्यात एक नवा मिसळला की सगळा भार त्या एकट्यावर येतो. नवा पट्टा पहिल्या एक-दोन दिवसांत खाचेत बसतो आणि सैलावतो. तेव्हा तो पुन्हा ताणून रिकाम्या चालीतले गुणोत्तर घ्यावे आणि पट्ट्यावरच्या संरक्षक जाळीवर रंगाने लिहून ठेवावे. पुढचा मिस्त्री तिथूनच सुरुवात करतो.