पन्नासाव्यांदा ऐकलेला विनोद

न्यूयॉर्कच्या मार्क हेलिंजर थिएटरात १५ मार्च १९५६ रोजी 'माय फेअर लेडी' या म्युझिकलचा, म्हणजे संगीत नाटकाचा, शुभारंभाचा प्रयोग झाला. दहा दिवसांनी, रविवारी, रेक्स हॅरिसन, ज्युली अँड्र्यूज आणि बाकीचा नटसंच कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत जमला आणि नाटकातली गाणी ध्वनिमुद्रित झाली. ती तबकडी अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड' या संगीत-साप्ताहिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत एकूण ४८० आठवडे होती, म्हणजे नऊ वर्षांहून जास्त काळ. नाटक विनोदी. एक अहंमन्य उच्चारशास्त्रज्ञ रस्त्यावरच्या फुलवालीला उच्चभ्रू इंग्रजी बोलायला शिकवायचा विडा उचलतो. बर्नार्ड शॉच्या ज्या 'पिग्मॅलियन'वर हे बेतलं, त्याच्यावरूनच पुलंनी १९७५च्या सुमारास 'ती फुलराणी' लिहिलं, त्यामुळे गोष्ट आपल्या ओळखीची आहे.

आता विचार करा. तबकडी घरी आणली की आठ-दहा दिवसांत तिच्यातले सगळे विनोद पाठ होणार. तरीही लोक सुई पुन्हा पहिल्या गाण्यावर ठेवत राहिले. आज हेच मोबाइलवर चालतं. विनोदी म्युझिकलची कास्ट रेकॉर्डिंग्ज, म्हणजे मूळ नटसंचाने गायलेले अल्बम, काही लोक महिनोन्महिने ऐकतात, तर काहींना दोन वेळा ऐकूनच कंटाळा येतो. विनोद शिळा होतो हा सगळ्यांचा अनुभव आहे. मग इथे नेमकं काय टिकतं?

विनोद कसा घडतो, याचं एक सोपं प्रारूप मानसशास्त्रज्ञ जेरी सल्स यांनी १९७२मध्ये मांडलं. ऐकणारा मनाशी एक अंदाज बांधतो आणि शेवटचा शब्द तो अंदाज मोडतो, हा पहिला टप्पा. मग हा विचित्र शेवट कुठल्या अर्थाने बरोबर बसतो हे मेंदू शोधू लागतो, हा दुसरा. तो अर्थ सापडला की हसू फुटतं. हे सगळं क्षणार्धात होतं, पण होतं याच क्रमाने. दुसऱ्यांदा ऐकताना अंदाज चुकतच नाही, त्यामुळे सोडवायला काही उरत नाही. या हिशेबाने विनोदी गाणं तिसऱ्या-चौथ्या वेळेला मेलं पाहिजे. बरीच मरतातही.

पण आपण हसणं आणि मजा येणं या दोन गोष्टी एकच धरतो आणि तिथेच गफलत होते. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञाने हसण्याचा अभ्यास लोकांच्या रोजच्या गप्पांमध्ये जाऊन केला. त्याला दिसलं की बहुतेक हसू विनोदानंतर येतच नाही, साध्यासुध्या वाक्यांनंतर येतं. आणि समोर टीव्ही किंवा पुस्तक नसेल तेव्हा माणूस एकटा असताना जेवढं हसतो, त्याच्या सुमारे तीसपट तो लोकांत हसतो. हसणं ही मुळात एकमेकांना दिलेली खूण आहे. नाट्यगृहात शेकडो माणसं एकत्र बसलेली असतात. एक रांग हसली की दुसरी हसते, आणि नटही हशा ओसरेपर्यंत पुढचं वाक्य धरून ठेवतो. स्टुडिओत प्रेक्षक नसतात. हशासाठी सोडलेल्या जागा भरून काढल्या जातात, संवाद कापले जातात. म्हणजे घरी एकट्याने कास्ट रेकॉर्डिंग ऐकताना आपण पहिल्या वेळेलाही फारसं मोठ्याने हसत नाही. ते हसू गेलं म्हणून अल्बम फिका पडला असं म्हणण्यात अर्थ नाही, कारण तो त्यासाठी बनवलेलाच नसतो. 'माय फेअर लेडी'च्या तबकडीचा निर्माता गॉडर्ड लिबरसन यासाठीच नावाजला गेला. रंगमंचावरचा प्रयोग जसाच्या तसा टिपायचा नाही, घरी बसून ऐकणाऱ्याच्या कानाला जे हवं ते घडवायचं, ही त्याची दृष्टी.

आता संगीताकडे. लिओनार्ड मायर या संगीतशास्त्रज्ञाने १९५६मध्येच असं मांडलं की संगीतातली भावना अपेक्षेतून निर्माण होते. सूर कुठे जाणार याचा कान अंदाज बांधतो, संगीतकार तो लांबवतो, वळवतो, कधी मोडतो. म्हणजे संगीतही विनोदासारखंच अंदाजावर चालतं. मग ओळखीचं गाणं शंभराव्यांदाही अंगावर काटा का आणतं? हे कोडं मायरलाही छळत होतं.

त्यावरचं मला सर्वांत पटणारं उत्तर जमशेद भरुचा या मूळच्या मुंबईच्या मानसशास्त्रज्ञाचं. आपल्या अपेक्षा दोन प्रकारच्या असतात, असं ते सांगतात. एक त्या विशिष्ट गाण्याच्या आठवणीची, म्हणजे पुढे काय येणार हे मला माहीत आहे. दुसरी आयुष्यभर ऐकलेल्या हजारो गाण्यांतून घडलेल्या सवयीची: अशा सुरानंतर सहसा अमुक सूर येतो. ही दुसरी अपेक्षा आपोआप जागी होते आणि पहिलीचं ऐकत नाही. चाल इथे फसवून वळणार हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं, पण कानाची सवय दर वेळी सरळ वाटेनेच जाऊ पाहते आणि दर वेळी थोडीशी फसते. रे जॅकेनडॉफ या भाषाशास्त्रज्ञानेही हेच वेगळ्या शब्दांत मांडलं आहे: संगीताचं व्याकरण समजून घेणारी मेंदूतली यंत्रणा दर वेळी नव्याने काम करते, तिला आठवणीशी देणंघेणं नसतं.

म्हणून विनोद कुठे ठेवला आहे याला फार महत्त्व आहे. तो फक्त माहितीत असेल, म्हणजे 'अरे, तो असं म्हणाला!' एवढाच असेल, तर आठवण त्याला संपवते. तो चालीत, ठेक्यात, यमकाच्या उशिरा येण्यात असेल, तर कानाची सवय त्याला जिवंत ठेवते.

गिल्बर्ट आणि सलिव्हन या गीतकार-संगीतकार जोडीच्या १८७९च्या 'द पायरेट्स ऑफ पेन्झान्स'मधलं मेजर जनरलचं गाणं घ्या. हा गृहस्थ आपल्याला गणितापासून प्राचीन इतिहासापर्यंत काय काय येतं याची यादी भरधाव वेगात म्हणून दाखवतो. येत नाही फक्त युद्धशास्त्र. हा झाला माहितीतला विनोद, एकदा कळला की कळला. पण दुसरा विनोद रचनेत आहे. कडव्याच्या शेवटाकडे येताना त्याला यमक सुचत नाही, तो अडखळतो. यमक शोधण्यात तो गोंधळतो अशी सूचना खुद्द संहितेतच आहे. मग शब्द सापडतो, त्याला हर्ष होतो आणि कोरस तीच ओळ त्याच्यामागून पुन्हा पुन्हा म्हणतो. पाठ असलेल्या माणसालाही त्या थांब्यावर ताण जाणवतो, कारण ठेका चालू असतो आणि जागा रिकामी असते. शिवाय गाण्याचा वेगच असा की पहिल्यांदा ऐकताना निम्मे शब्द निसटतात. अशा गाण्याला पाच-सहा वेळा ऐकल्याशिवाय त्यातले विनोद पुरते हाती लागत नाहीत. शंभराहून जास्त वर्षं त्याची रेकॉर्डिंग्ज होत आली आहेत, यात मला नवल वाटत नाही.

माहीत असलेल्या क्षणाची वाट पाहणं हाही एक आनंद आहे आणि मेंदूत त्याची वेगळी जागा आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात वलोरी सलिमपूर, रॉबर्ट झटोरे आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये हे दाखवलं. लोकांनी आपापलं आवडतं संगीत आणलं, म्हणजे ऐकून ऐकून पाठ झालेलं. अंगावर शहारा येतो त्या क्षणी मेंदूच्या एका भागात डोपामिन हे सुखाशी निगडित रसायन स्रवत होतं. त्याआधीच्या काही सेकंदांत, वाट पाहताना, ते वेगळ्याच भागात स्रवत होतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही वाट पाहता येत नाही, कारण काय येणार हे त्याला माहीतच नसतं. विनोदी गाणं पाठ असणाऱ्याचा चेहरा पाहा: ओळ येण्याआधीच त्याचे डोळे हसायला लागतात.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत विलक्षण वाटतो. डायना डॉइच या संशोधिकेला १९९५मध्ये एका सीडीचं काम करताना योगायोगाने एक गोष्ट आढळली. स्वतःच्याच बोलण्यातला एक तुकडा ती पुन्हा पुन्हा वाजवत होती. काही वेळाने तो तुकडा बोलल्यासारखा वाटेना, गायल्यासारखा वाटू लागला. आवाजात काहीही बदल केलेला नव्हता, बदल ऐकणाऱ्यात झाला होता. नंतरच्या प्रयोगांत लोकांना ते वाक्य दहा वेळा ऐकवून म्हणायला सांगितलं, तर त्यांनी ते सुरात गायलं. पुनरावृत्ती बोलण्याचं गाणं करते.

आता 'माय फेअर लेडी'मधला स्पेनच्या पावसाचा प्रसंग आठवा. फुलवाली एलायझा 'रेन'ला 'राइन' म्हणते आणि 'स्पेन'ला 'स्पाइन'. तिला शिकवणारा प्रोफेसर हिगिन्स तिच्याकडून स्पेनच्या पावसाचं एकच निरर्थक वाक्य दिवसरात्र घोटून घेतो. सगळे थकून गेलेले असताना ती ते अचानक शुद्ध म्हणते. हिगिन्सचा विश्वास बसत नाही. तो पुन्हा म्हणायला लावतो, ती पुन्हा म्हणते, आणि उच्चाराचा धडा बघता बघता नाचाचं गाणं होऊन जातो. डॉइचला तो परिणाम सापडण्याआधी जवळपास चाळीस वर्षं गीतकार ॲलन जे लर्नर आणि संगीतकार फ्रेडरिक लो यांनी तो रंगमंचावर घडवून दाखवला होता, असंच मला हे गाणं ऐकताना वाटतं. त्यातला विनोद पुनरावृत्तीचाच आहे. मग तो ऐकून ऐकून झिजेल कसा?

हिगिन्स झालेला हॅरिसन या नाटकात धड गातही नाही. सुराच्या कडेने बोलतो. असं बोलगाणं वारंवार ऐकलं की कान त्यात चाल भरू लागतो आणि आपण ते त्याच लकबीने म्हणू लागतो. इथे ऐकणारा नुसता श्रोता राहत नाही. पुढचा शब्द तोंडात तयार असतो. एलिझाबेथ मार्ग्युलिस या संगीत-मानसशास्त्राच्या अभ्यासक पुनरावृत्तीच्या आनंदाचं मूळ इथेच शोधतात: वारंवार ऐकलेलं संगीत आपण मनातल्या मनात गात असतो, ऐकता ऐकता त्यात सामील होतो.

धक्क्यावर उभ्या असलेल्या विनोदाचं काय होतं, हे पाहायला 'द बुक ऑफ मॉर्मन' उत्तम. युगांडाला पाठवलेल्या दोन तरुण धर्मप्रचारकांची ही गोष्ट २०११मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, आली. तिचा अल्बम 'बिलबोर्ड'च्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढला. ब्रॉडवेच्या अल्बमला असं यश १९६९मध्ये 'हेअर'ला मिळालं होतं, त्यानंतर तोवर मिळालं नव्हतं. यातल्या शिव्या आणि धर्मावरचे फटके पहिल्यांदा ऐकताना दचकवतात. तिसऱ्या वेळेला तो धक्का संपतो, आणि काही गाणी तिथेच कोसळतात असं माझं मत आहे. टिकतात ती गाणी गायकांनी अगदी मनापासून, डोळे न मिचकावता गायलेली आहेत. ती माणसं त्या गाण्यात स्वतःला विनोदी समजत नाहीत. हास्य ओसरल्यावर तिथे एक भाबडा, गोंधळलेला मुलगा शिल्लक राहतो आणि त्याच्यासाठी आपण परत येतो.

याला दुजोरा देणारा एक अभ्यास मिशिगन विद्यापीठातून २०१९मध्ये आला. लोक सध्या सर्वांत जास्त कोणतं गाणं ऐकतात आणि ते आजवर किती वेळा ऐकलं असेल, असं त्यांना विचारलं. आनंदी, उत्साही गाण्यांचा त्यांनी सांगितलेला सरासरी आकडा १७५ होता. ज्यांना हुरहूर लावणारी, गोड-कडू गाणी आवडत होती त्यांचा ७९०. निखळ विनोदापेक्षा ज्या विनोदी नाटकात कुठेतरी दुखरी जागा आहे त्याचा अल्बम जास्त टिकावा, हे यातून मी काढलेलं अनुमान. 'माय फेअर लेडी'त ती जागा शेवटाजवळ आहे, जिथे हिगिन्सला एलायझाच्या चेहऱ्याची सवय झाल्याचं कळतं आणि तो स्वतःवरच चिडतो.

अर्थात अतिपरिचयाचाही नियम आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल बर्लाइनने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सांगितलं की परिचयाबरोबर आवड आधी वाढते, एका टोकाला पोचते आणि मग उतरते. टोरांटोच्या संशोधकांनी २००४मध्ये त्यात एक महत्त्वाची पुस्ती जोडली. लक्ष देऊन ऐकणाऱ्यांची आवड अशीच चढली आणि उतरली. पण दुसऱ्या कामात लक्ष गुंतलेलं असताना ज्यांच्या कानावर तेच संगीत पडत होतं, त्यांची आवड वाढत गेली. विनोदी अल्बमला हे जास्त जाचक ठरतं, कारण शब्द लक्ष मागतात. म्हणून पोळ्या लाटताना किंवा लोकलमध्ये उभ्याने ऐकलेला अल्बम जास्त दिवस पुरतो, आणि गाण्यांमधले संवादाचे तुकडे सर्वांत आधी वगळावेसे वाटतात.

संवाद आधी शिळे होतात म्हणावं, तर मराठी श्रोता लगेच पुलंच्या कॅसेट पुढे करेल, आणि ते बरोबरच आहे. 'म्हैस' किंवा 'अंतू बर्वा' आपल्याकडे घराघरांत पाठ आहे, त्यात गाणं नाही, तरी ते पुन्हा ऐकताना कुणी कंटाळत नाही. पण ऐकताना आपण काय करतो? वाक्याआधीच ओठ हलवतो, अंतूशेटचा सानुनासिक हेल काढतो, थांब्यावर थांबतो. तिथे बोलण्याला ताल आहे आणि ताल जिथे आहे तिथे कान संगीताच्या नियमाने वागतो. शिवाय त्या रेकॉर्डिंगमध्ये प्रेक्षकांचा हशा आहे, जो ब्रॉडवेच्या स्टुडिओ अल्बममध्ये नसतो. एकट्याने ऐकतानाही आपण चार लोकांत बसलेलो असतो.

ऐकणाऱ्याचं एवढं, तर म्हणणाऱ्याचं काय? १९५९मध्ये लंडनला 'माय फेअर लेडी' स्टिरिओत पुन्हा ध्वनिमुद्रित झालं. हॅरिसन, अँड्र्यूज आणि इतर प्रमुख नट तेच होते, पण तोवर त्यांनी हे विनोद शेकडो प्रयोगांत म्हटलेले होते. ध्वनीची प्रत दुसऱ्या रेकॉर्डिंगची सरस आहे, तरी अनेक जाणकार पहिलं मोनो रेकॉर्डिंग पसंत करतात आणि मीही. दोन्ही लागोपाठ ऐकून पाहा. दोन्हीकडे विनोद तेच, शब्द तेच. लंडनमध्ये हॅरिसन जास्त रुळलेला आहे, कुठे किती ताणायचं हे त्याला पक्कं माहीत आहे. १९५६मध्ये तो एखाद्या शब्दावर किंचित लवकर येतो, पुढच्या ओळीत श्वास कमी पडतो, वाद्यवृंद त्याला सांभाळून घेतो. पाठ झालेल्या गाण्यात आपण हा फरक ऐकू शकतो.