एनर्जीच्या पोटातलं काम

आर्गॉन हा वायू सहसा कुणाशीच संयोग पावत नाही. १८९४ मध्ये रॅले आणि रॅम्झी यांनी तो हवेतून शोधून काढला आणि या स्वभावावरूनच त्याला नाव दिलं. ग्रीकमध्ये ‘आर्गोस’ म्हणजे आळशी, काम न करणारा. त्यातला ‘अ’ नकाराचा, आपल्या ‘अज्ञान’ किंवा ‘अशक्त’मधल्या ‘अ’सारखाच. तो बाजूला केला की खाली ‘एर्गॉन’ हा शब्द सापडतो. त्याचा अर्थ काम. हेच एर्गॉन ‘एनर्जी’तही आहे. आधीचा ‘एन’ म्हणजे ‘मध्ये’. म्हणजे एनर्जीचा मूळ अर्थ होतो ‘कामात असणं’.

या एर्गॉनचा गोतावळा मोठा आहे. हाताला ग्रीकमध्ये ‘खेईर’ म्हणतात. हाताने करायचं काम ते ‘खेईरुर्गिया’, आणि त्याचीच झीज होत होत ‘सर्जरी’ झाली. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द १९०६ मध्ये फॉन पिर्के या डॉक्टरांनी घडवला. ‘अ‍ॅलॉस’ म्हणजे वेगळं. शरीर नेहमीपेक्षा वेगळंच काम करू लागतं, ही त्यामागची कल्पना. इतकंच काय, इंग्रजीतला साधा ‘वर्क’ही याच कुळातला. एर्गॉनच्या सुरुवातीला फार पूर्वी ‘व’ होता. ग्रीकांच्या तोंडून तो गळाला, इंग्रजीने राखला. कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा, ही व्याख्या आपण शाळेत पाठ करतो. तिच्यातलं ‘कार्य’ शब्दाच्या पोटात आधीपासूनच होतं.

‘क्षमता’ मात्र नव्हती. उलट, क्षमतेच्या विरुद्ध टोक दाखवण्यासाठीच अ‍ॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ‘एनर्गेइया’ हा शब्द वापरला. डोळे मिटून बसलेल्या माणसाला दृष्टी असते, पण तो पाहत नसतो. त्याच्याकडे आहे ती ‘डायनामिस’, म्हणजे क्षमता. त्याने डोळे उघडले आणि पाहू लागला, की ती झाली एनर्गेइया. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत शिरला तेव्हा त्याचा अर्थ होता बोलण्या-लिहिण्यातला जोर. पदार्थविज्ञानाशी त्याचा काही संबंध नव्हता.

पदार्थविज्ञानाची अडचण तिसरीच होती. लायब्निझने सतराव्या शतकात वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग या राशीला लॅटिनमध्ये ‘जिवंत बल’ म्हटलं होतं. म्हणजे ढकलणारं तेही बल आणि धावत्या वस्तूत साठलेलं तेही बलच. एकाच शब्दावर दोन अर्थांचं ओझं. टॉमस यंग याने १८०७ मध्ये छापलेल्या व्याख्यानांत सुचवलं की त्या दुसऱ्या राशीला ‘एनर्जी’ म्हणावं. हा यंग पेशाने डॉक्टर. प्रकाश ही लहर आहे हे त्याने दाखवून दिलं, इजिप्तच्या चित्रलिपीचा उलगडा करण्यातही त्याचा हात होता. शब्दांची अशी पारख असलेल्या माणसानेच हे नाव सुचवावं, हे मला फार सुंदर वाटतं. पण नाव रुळायला वेळ लागला. ऊर्जेच्या अक्षय्यतेवर हेल्महोल्ट्झने १८४७ मध्ये लिहिलेल्या पायाभूत निबंधाच्या शीर्षकातही शब्द आहे तो ‘क्राफ्ट’, म्हणजे बल.

मग १८५३ मध्ये रँकिनने ‘पोटेन्शियल एनर्जी’ हा शब्दप्रयोग आणला. डोंगरमाथ्यावरच्या दगडात, ताणलेल्या धनुष्यात दडलेली ही ऊर्जा; आपण तिला स्थितिज ऊर्जा म्हणतो. पण ‘पोटेन्शिया’ हे डायनामिसचंच लॅटिन भाषांतर. अ‍ॅरिस्टॉटलच्या कानाला हा जोडशब्द ‘न पाहणारं पाहणं’ असा वाटला असता. विज्ञानाला मात्र नेमकी हीच जोडी हवी होती. दगड घरंगळू लागला की दडलेली ऊर्जा गतीत उतरते. दोन्ही रूपांना एकच आडनाव असल्याशिवाय त्यांची बेरीज कायम राहते हे नीट सांगताच आलं नसतं.

‘पॉवर’ हा शब्द याच ‘पोटेन्शिया’चा भाऊबंद. दोन्हींच्या मुळाशी ‘करू शकणं’ हा अर्थ आहे. आज पॉवर म्हणजे ऊर्जा वापरण्याचा दर. वॉट हे त्या दराचं एकक, किलोवॉट-तास हे ऊर्जेचं. एक किलोवॉट-तास म्हणजे ३६ लाख ज्यूल. बोलताना या दोन्हींची गल्लत सर्रास होते.

ऊर्जा किती विखुरली आहे याचं माप म्हणजे ‘एन्ट्रॉपी’. क्लॉसियसने १८६५ मध्ये हा शब्द मुद्दाम एनर्जीच्या नादावर बेतला, कारण या दोन राशी त्याला सख्ख्या वाटत होत्या. ‘त्रोपे’ म्हणजे पालट.

उष्णतेचे शब्द अधिक जुने आहेत आणि अधिक घरचेही. उष्णता हा वजन नसलेला द्रव आहे असं लव्हॉयझिए मानत होता. लॅटिन ‘कॅलोर’वरून त्याला ‘कॅलोरिक’ म्हणत. ही कल्पना एकोणिसाव्या शतकात कायमची मोडीत निघाली, पण त्याच लॅटिन शब्दावरून आलेली ‘कॅलरी’ खाद्यपदार्थांच्या पाकिटांवर आजही छापली जाते. ‘इग्निशन’मधला लॅटिन ‘इग्निस’ आणि आपला ‘अग्नी’ एकाच मुळाचे, हे अनेकांना ठाऊक असतं. ‘थर्मॉस’ची गोष्ट कमी ऐकिवात आहे. ग्रीकमध्ये थर्मॉस म्हणजे गरम. त्याचं संस्कृतातलं भावंड ‘घर्म’, म्हणजे उष्णता. घर्माचा प्राकृतात ‘घम्म’ झाला आणि मराठीत ‘घाम’. तापलेल्या अंगाला लावलेला थर्मामीटर आणि ताप उतरताना कपाळावर फुटलेला घाम, दोघांचं मूळ एकच.