क्लासिक रॉक टोनसाठी बूस्ट पेडल

बूस्ट पेडल म्हणजे गिटार आणि ॲम्पच्या (ॲम्प्लिफायरच्या) मध्ये लावायची छोटी डबी, गिटारकडून आलेला सिग्नल मोठा करून पुढे पाठवायचा एवढंच तिचं काम. डिस्टॉर्शन नाहीतर फझ पेडल स्वतःच सिग्नल कापून आवाज फाडतं, बूस्ट नुसतं ढकलतं आणि फाटायचं काम पुढचा ॲम्प करतो. म्हणून साठ-सत्तरच्या दशकातला तो जाडसर, बोटांच्या जोराप्रमाणे बदलणारा टोन हवा असेल तर आधी पेडलचा विचारच करू नका, ॲम्प बघा. मुंबईत तर हे जास्तच लागू होतं कारण आपल्यातले बहुतेक जण घरी हेडफोन लावून वाजवतात आणि शनिवार-रविवारी तासावर घेतलेल्या जॅमरूममध्ये, म्हणजे बँडच्या सरावाच्या खोलीत, तिथे जो असेल त्या ॲम्पवर.

सुरुवात इंग्लंडमध्ये झाली. तेव्हाचे व्हॉक्स एसी३० आणि मार्शलसारखे व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांचे) ॲम्प, त्यांना वेगळा गेनचा, म्हणजे आवाज किती फाटावा ते ठरवणारा, नॉब वगैरे काही नव्हता, व्हॉल्यूम वाढवत नेला की एका टप्प्यावर आवाज आपोआप फाटायला लागायचा. तो टप्पा लवकर गाठायला आणि बोथट वाटणाऱ्या ॲम्पला धार आणायला १९६५ च्या आसपास डॅलस रेंजमास्टर नावाचा ट्रेबल बूस्टर आला. ॲम्पच्या डोक्यावर ठेवायचा डबा, एकच नॉब, आत ओसी४४ जातीचा एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि ९ व्होल्टची बॅटरी. त्याची खरी करामत इनपुटच्या बारक्या कपॅसिटरमध्ये आहे, तो बास अडवतो, त्यामुळे वरचं तेवढं वाढतं. हे का महत्त्वाचं, तर जाड तारेचा बासही तितकाच वाढवून ॲम्पमध्ये घातला तर ॲम्प त्यातच गुदमरतो आणि कॉर्डचा काला होतो, बास आधीच कमी केला तर ॲम्प फाटतो पण प्रत्येक सूर वेगळा ऐकू येतो. ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीने लेनी ॲम्पसमोर, ब्लूज-रॉक गिटारिस्ट रोरी गॅलाघरने एसी३० समोर रेंजमास्टर वापरला आणि क्वीनच्या ब्रायन मेचा तो गाणारा लीड टोन म्हणजे वडिलांबरोबर घरी बनवलेली गिटार, ट्रेबल बूस्टर आणि एसी३० चा साधा नॉर्मल चॅनल.

अमेरिकेत माइक मॅथ्यूजच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने त्याच दशकाच्या शेवटी एलपीबी-१ काढलं, सिलिकॉन ट्रान्झिस्टरचं, ते फक्त ट्रेबल नाही तर सगळंच वाढवतं. पुढे एमएक्सआरचं मायक्रो ॲम्प आलं, तेही एका नॉबचं क्लीन बूस्ट, २६ डेसिबलपर्यंत जातं. डेसिबलचा हिशोब एकदा डोक्यात बसला की दुकानात गोंधळ होत नाही: ६ डेसिबल म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज दुप्पट, २० म्हणजे दहापट, २६ म्हणजे जवळजवळ वीसपट. क्लासिक रॉकला बऱ्याचदा ८-१० डेसिबलसुद्धा पुरतात, नॉब शेवटपर्यंत फिरवायची गरज पडत नाही.

तिसरा प्रकार असा की वस्तू बूस्ट म्हणून बनलेलीच नव्हती पण काम तेच करत होती. एकोप्लेक्स ईपी-३ हे टेपवर चालणारं एको मशीन, त्यातून नुसता सिग्नल गेला तरी त्याच्या प्रीॲम्पमुळे आवाजाला भरीवपणा यायचा, लेड झेपलिनच्या जिमी पेजकडे ते होतं आणि आजचा झोटिक ईपी बूस्टर त्याच प्रीॲम्पवर बेतलेला आहे. एसी/डीसीच्या अँगस यंगच्या सत्तरच्या दशकाच्या शेवटच्या टोनमध्ये शेफर-वेगा नावाच्या वायरलेस सिस्टिमचा मोठा हात आहे, ती सिग्नल दाबायची आणि वाढवायचीही. आणि ट्यूब स्क्रीमर, जे खरं तर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज हलकासा फाडणारं पेडल, त्याचा ड्राइव्ह शून्याजवळ आणि लेव्हल वर ठेवली की ते ७२० हर्ट्झच्या आसपासचे मिड, म्हणजे मधल्या पट्टीतले आवाज, पुढे आणणारं बूस्ट होतं. बँडमध्ये दुसरा गिटारवाला असेल तर सोलोला हे मिडच कामाला येतात, कारण खाली बास गिटार आणि वर झांजा, मधली जागा तेवढी आपली.

आता जॅमरूमचा प्रश्न. मी अंधेरीच्या एका जॅमरूममध्ये पहिल्यांदा ट्रेबल बूस्टर नेला तेव्हा तिथे मोठा सॉलिड-स्टेट (व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टरचा) क्लीन ॲम्प होता, पेडल दाबल्यावर आवाज फाटलाच नाही, फक्त पातळ आणि टोचरा झाला, ड्रमरने स्टिक खाली ठेवून कानावर हात घेतले. पेडल चांगलं होतं, जोडी चुकली होती. रोलंड जेसी-१२० सारख्या ॲम्पमध्ये हेडरूम, म्हणजे न फाटता मोठा आवाज द्यायची क्षमता, इतकी असते की तुम्ही ढकला, तो शांतपणे मोठा आवाज देतो. अशा ठिकाणी आधी एक कमी गेनचं ओव्हरड्राइव्ह लावा, तेच तुमचा फाटणारा ॲम्प समजा आणि बूस्ट त्याच्या आधी ठेवा. व्हॉल्व्हचा ॲम्प मिळाला तर सेटिंग असं: बूस्ट बंद ठेवून व्हॉल्यूम हळूहळू वाढवा, हलकं वाजवल्यावर स्वच्छ आणि जोरात स्ट्रम केल्यावर कडा किंचित खरखरीत येईल तिथे थांबा, मग बूस्ट दाबा. आता गिटारचा व्हॉल्यूम नॉब १० वरून ६ वर आणा, आवाज परत स्वच्छ व्हायला लागला तर जोडी जमली, हा नॉबचा खेळ जमतो तिथेच क्लासिक रॉक आहे असं माझं ठाम मत आहे. घरी मॉडेलरवर (ॲम्पच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या यंत्रावर) नाहीतर मोबाइल ॲपवर वाजवत असाल तरी नियम हाच, बूस्टचा ब्लॉक ॲम्पच्या ब्लॉकच्या आधी.

जागेने फरक पडतो. ओव्हरड्राइव्हच्या आधी बूस्ट ठेवलं तर फाटणं वाढतं, नंतर ठेवलं तर, ॲम्प क्लीन असेल तर, आवाज मोठा होतो, म्हणजे लयीसाठी आधी आणि सोलो उचलायला नंतर, किंवा ॲम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये (ॲम्पच्या मागे प्रीॲम्पनंतर पेडल जोडायची जागा). जुन्या पद्धतीचा ट्रेबल बूस्टर मात्र थेट गिटारला जोडावा, मध्ये बफर (सिग्नल मजबूत करून पुढे देणारं सर्किट) असलेला ट्यूनर आला तर गिटारच्या नॉबवर येणारी ती सफाई निघून जाते.

जर्मेनियमबद्दल मुंबईकरांनी एक गोष्ट लक्षात ठेवायलाच हवी, उष्णता. जर्मेनियम ट्रान्झिस्टरची गळती, म्हणजे त्यातून नको असताना वाहणारा करंट, तापमानाबरोबर वाढते, साधारण दर १० अंशांना दुप्पट, त्यामुळे एसी चालू असलेल्या खोलीत सुंदर वाजणारं पेडल मे महिन्यात कॉलेजच्या उघड्या स्टेजवर दुपारच्या साउंडचेकला बसकं, तुटक वाजू शकतं. बाहेर जास्त वाजवणार असाल तर सिलिकॉनचा ट्रेबल बूस्टर घ्या, कपॅसिटर योग्य असेल तर टोनचा मोठा भाग तिथेच मिळतो. शिवाय जुन्या जर्मेनियम सर्किटमध्ये बहुतेकदा पॉझिटिव्ह ग्राउंड (बॅटरीचं धन टोक ग्राउंडला) असतो, ते इतर पेडल्सबरोबर एकाच डेझी चेनवर (एका सप्लायमधून अनेक पेडल्सना जाणाऱ्या वायरवर) लावलं तर सप्लाय शॉर्ट होतो, त्याला स्वतंत्र बॅटरी किंवा आयसोलेटेड (इतरांपासून वेगळा) आउटपुटच हवा. स्वतः सोल्डरिंग करणाऱ्यांसाठी हे सर्किट सोपं आहे, लॅमिंग्टन रोडवर रेझिस्टर, कपॅसिटर, स्विच, डबी सगळं मिळतं, आणि ओसी४४ च्या मागे न लागता जुन्या रेडिओतले एसी१२८ कमी गळतीचे बघून निवडले तरी चांगलं जमतं.

बूस्ट गिटारबरोबर घरघरही वाढवतं. अर्थिंग नीट नसलेली खोली, डोक्यावर रेग्युलेटरचा पंखा, सिंगल कॉइल पिकअप, मग ५० हर्ट्झची हम दहापट होऊन येणारच, म्हणून पेडलवर खर्च करण्याआधी चांगला पॉवर सप्लाय घ्यावा हा सल्ला मी प्रत्येकाला देतो. पावसाळ्यात नॉबमधून खरखर येते, ती बहुतेक वेळा दमटपणामुळे पोटेन्शिओमीटरची असते, काँटॅक्ट क्लीनर मारून नॉब पंचवीस-तीस वेळा फिरवला की जाते.

या शहराला या आवाजाची सवय जुनी आहे, १९८६ मध्ये सुरू झालेल्या इंडिपेन्डन्स रॉक या रॉक फेस्टिव्हलचे कितीतरी शो धोबीतलावच्या रंगभवनात झाले, आणि त्याच धोबीतलावला १८६५ पासूनचं फुर्ताडोज हे वाद्यांचं दुकान आहे. दुकानात ट्राय करायला जाताना आपलीच गिटार न्या आणि तिथल्या सगळ्यात भारी ॲम्पवर न वाजवता तुमच्या जॅमरूममध्ये आहे त्याच्या जवळपासचा ॲम्प मागा. बूस्ट चालू-बंद करताना व्हॉल्यूम सारखा करून ऐका, कारण मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो आणि त्या भरात पेडल घेतलं जातं. शेवटी सगळ्यात जाड तारेवर पॉवर कॉर्ड (दोन-तीन तारांचा साधा कॉर्ड) धरून हळूहळू सोडा, सूर विरताना फडफड न होता स्वच्छ विरला तर ते पेडल घ्यायला हरकत नाही.