पुढचं चाक हवेत कसं गेलं

क्लच व्हीली म्हणजे क्लचच्या झटक्याने पुढचं चाक उचलून मागच्या एका चाकावर बाइक चालवणं. ती मारणाऱ्याचा डावा हात नीट बघा. क्लचवर अख्खा पंजा नसतो, एक किंवा फार तर दोन बोटं असतात. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश चाललेली असते. क्लच किंचित दाबला जातो, त्याच क्षणी रेस वाढते, इंजिन मोकळं फिरतं आणि बोटं सुटतात. फिरत्या क्रँकमध्ये, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्यात, साठलेला जोर एका झटक्यात मागच्या चाकावर उतरतो आणि पुढचं चाक जमीन सोडतं. हे सगळं अर्ध्या सेकंदात होतं, पण इथवर यायला बरीच दशकं गेली आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे क्लच हातात यावा लागला. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या गाड्यांना अनेक वर्षं क्लच पायाशी आणि गिअरचा दांडा टाकीच्या बाजूला असे. १९५२ साली आलेल्या के मॉडेलमध्ये कंपनीने हाताचा क्लच आणि पायाचा गिअर दिला. ब्रिटिश गाड्यांत क्लच त्याआधीपासूनच हातात होता, फक्त गिअर उजव्या पायाला. आपल्याकडच्या जुन्या बुलेटवाल्यांना ही मांडणी सांगायला नको.

व्हीलीचं वेड मात्र आधी सायकलवर चढलं. १९६३ साली अमेरिकेत श्विन कंपनीची स्टिंग-रे ही सायकल आली. लहान चाकं, उंच हँडल आणि लांबुळकी सीट, त्यामुळे वजन आपोआप मागे जायचं आणि गल्लीतली पोरं पुढचं चाक उचलून फिरायची. ‘व्हीली’ हा शब्दही त्याच दशकात तिथे रूढ झाला. पुढे इव्हल कनीव्हल या अमेरिकन मोटरसायकल स्टंटमनने उड्यांच्या खेळाआधी एका चाकावर फेऱ्या मारून प्रेक्षकांना तापवायचं तंत्र लोकप्रिय केलं.

पण व्हीलीला स्वतंत्र कला म्हणून उभं केलं ते डग डोमोकोसने. अमेरिकेत त्याला ‘व्हीली किंग’ म्हणत. १९८४ साली अलाबामातल्या टॅलाडेगा ट्रॅकवर होंडा एक्सआर५०० घेऊन तो एका चाकावर १४५ मैल, म्हणजे सुमारे २३३ किलोमीटर चालला. थांबला तो पेट्रोल संपलं म्हणून. १९९१ मध्ये जपानच्या यासुयुकी कुडोने त्सुकुबाच्या चाचणी मैदानावर होंडा टीएलएम२२०आरवर ३३१ किलोमीटर काढले. या दोन्ही विक्रमांत माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एकच: जागा बंदिस्त होती. समोरून कोणी येणार नव्हतं.

या दोघांच्या गाड्या हलक्या, एक सिलिंडरच्या होत्या. अशा गाडीला खालच्या आरपीएमलाच (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) जोर असतो, चाक उचलायला अनेकदा नुसती रेस पुरते. स्पोर्ट बाइकचं तसं नाही. १९८५ ची सुझुकी जीएसएक्स-आर७५०, १९९२ ची होंडा फायरब्लेड, या चार सिलिंडरच्या गाड्यांची खरी ताकद वरच्या आरपीएमला. कमी वेगात ती ताकद मागच्या चाकापर्यंत आणायची तर मधे क्लच घालावाच लागतो. सहाशे सीसीच्या गाड्यांवर तर क्लचशिवाय फारसं चालतच नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी ओहायोतल्या अ‍ॅक्रनच्या ‘स्टारबॉइझ’ या टोळीच्या व्हिडिओंमुळे हा प्रकार जगभर पसरला. मग गाड्याही त्या कामासाठी तयार होऊ लागल्या. होंडा सीबीआर६०० एफ४आय आणि कावासाकी झेडएक्स-६३६ या दोन स्टंटवाल्यांच्या विशेष लाडक्या. अशी गाडी जवळून बघण्यासारखी असते. मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, चेन-सेटमधल्या नेहमीच्या मापापेक्षा कितीतरी मोठं, इंजिनभोवती जाड पाइपांचा पिंजरा, मागे जमिनीला टेकणारा दांडा, आणि हँडलला डाव्या बाजूला क्लचखाली आणखी एक लिव्हर. तो मागच्या ब्रेकचा.

या ब्रेकवर थोडं थांबायलाच हवं. चाक तोलाच्या टोकापलीकडे गेलं की गाडी चालवणाऱ्याच्या अंगावर उलटते. तिला परत खाली आणणारी एकच गोष्ट, मागचा ब्रेक, मग तो हाताचा असो वा नेहमीचा उजव्या पायाचा. तो हलका दाबला की मागचं चाक मंदावतं आणि पुढची बाजू खाली येते. बघणाऱ्याला क्लचचा झटका दिसतो, ब्रेकवरचा पाय दिसत नाही. माझ्या मते ही कला आपल्याकडे आली ती अशी अर्धीच आली.

आपल्याकडे १९८५ ची यामाहा आरएक्स१०० ही पोरांची पहिली आवडती. टू-स्ट्रोक, हलकी, चटकन उठणारी. २००१ च्या अखेरीस बजाजची पल्सर आली. २००४ साली ‘धूम’ सिनेमाने सुझुकीच्या हायाबुसा या मोठ्या स्पोर्ट बाइकचं नाव गल्लोगल्ली नेलं. त्यानंतर टीव्हीवर स्टंटचे कार्यक्रम आले, आणि २०१२ मध्ये चाकणच्या कारखान्यातून केटीएम २०० ड्यूक बाहेर पडली. गाड्या मिळत गेल्या, व्हिडिओ मिळत गेले. सरावाला जागा आणि शेजारी उभा राहून शिकवणारा माणूस, हे दोन्ही क्वचितच मिळालं.

म्हणून पोरं मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला गेली, रात्रीच्या मोकळ्या रस्त्यांवर गेली, कधी मागे मित्राला बसवून. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली हा धोकादायक ड्रायव्हिंगचा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी पाच हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. चालवणारा अल्पवयीन असेल तर कलम १९९अ पालकांपर्यंत पोचतं.

जाणते स्टंट रायडर नवख्याला क्लचच्या झटक्यापासून सुरुवात करू देत नाहीत. रिकामं मैदान, पुरतं सेफ्टी गिअर, उजवा पाय पहिल्यापासून ब्रेकवर. चाक वीतभर उठलं की ब्रेक. पुन्हा वीतभर, पुन्हा ब्रेक. पाय मनाने न सांगता दाबायला लागला, की मग चाक हातभर उठवायचं.