मराठवाड्यातले ख्रिस्ती आणि दाखल्यावरचा धर्म

मराठवाड्यात ख्रिस्ती म्हणून टिकून राहणं अवघड का गेलं, हे सांगताना बहुतेक जण मिशनऱ्यांपासून सुरुवात करतात. तो भाग थोडक्यात उरकू. एकोणिसाव्या शतकात एका धर्मांतरित ब्राह्मणाने निजाम सरकारकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल ही वस्ती उभी केली. १८९०च्या दशकात फ्रान्सहून आलेला एक पाद्री वैजापूर तालुक्यातल्या घोगरगावात राहिला. बाप्तिस्मा घेणारे मुख्यतः मांग आणि महार. पुढे १८९९-१९००चा दुष्काळ पडला आणि ‘पोटासाठी बाटले’ हा शिक्का कायमचा बसला. गावाचा खरा राग मात्र वेगळाच होता. ख्रिस्ती झालेला माणूस मरीआईपुढे हलगी वाजवायला येईना, मेलेलं ढोर ओढीना. गावगाड्याचं काम अडलं, म्हणून बलुतं बंद.

पण आजची गाठ बसली ती १० ऑगस्ट १९५०ला. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला दोन वर्षंही झाली नव्हती आणि मराठवाडा अजून हैदराबाद राज्यात होता. त्या दिवशी निघालेल्या अनुसूचित जातींच्या आदेशातला तिसरा परिच्छेद सांगतो की हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६मध्ये त्यात शीख आले, १९९०मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले.

कारण दिलं जातं ते असं की ख्रिस्ती धर्मात जात नाही. जात तर बौद्ध धम्मातही नाही. शिवाय महाराष्ट्राने १९६०पासून नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्याच होत्या. म्हणजे एकाच वस्तीत दोन चुलत भाऊ, एकाने दीक्षा घेतलेली, दुसऱ्याच्या आजोबांनी बाप्तिस्मा. पहिल्याच्या पोराला फी माफी आणि वसतिगृह, दुसऱ्याच्या पोराला नाही. पाणवठ्यावर दोघांना वागणूक सारखीच. वाटेकरी वाढतील ही अनुसूचित जातींतल्या काही संघटनांची भीती खोटी म्हणता येत नाही; पण तो प्रश्न वाट्याचा आहे, जात उरली की गेली याचा नाही. इतर मागासवर्गात गणना झाली तरी ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण आणि अनुसूचित जातींची राखीव जागा त्यातून मिळत नाही.

यावर गावांनी वाट काढली ती शाळेच्या प्रवेश रजिस्टरात. गुरुजी विचारायचे, “धर्म काय लिहू?” बाप म्हणायचा, “आधीचंच लिवा, गुरुजी.” मग ‘हिंदू मांग’ किंवा ‘हिंदू महार’ अशी नोंद व्हायची. घरात पोरगा योहान, हजेरीत ज्ञानोबा. रविवारी उपासना, नाताळात गाणी, आणि टी.सी.वर हिंदू. अशा घरांना मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, ‘प्रभूला नाकारणारे’ म्हणून सुनावलं जाई. सुनावणारे पाळक (चर्चचे धर्मगुरू), शिक्षक आणि नर्सा बहुधा मिशन कंपाउंडात राहणारे, पगारी. त्यांना ‘ख्रिस्ती’ लिहिणं परवडत होतं. खेड्यातल्या ऊसतोड्याला त्या एका शब्दासाठी मुलीचं कॉलेज सोडावं लागत होतं. निष्ठेचं माप दोघांना एकच लावणं मला पटत नाही.

२००१च्या जात पडताळणी कायद्यानंतर हा आडोसाही पातळ झाला. पुरावा १९५०च्या आधीचा लागतो. त्यामुळे आजोबांचा शाळेतला निर्गम उतारा शोधावा लागतो, आणि नेमका त्यावरच एखाद्या मिशन शाळेच्या हेडमास्तरने ‘ख्रिश्चन’ लिहून ठेवलेलं असतं. संशय आला तर जात पडताळणी समितीचं दक्षता पथक घरी येतं. भिंतीवर काय लावलंय, लग्न कसं झालं, माती दिली की अग्नी, सगळं विचारलं जातं. विदर्भातल्या एका बौद्ध मुलीच्या घरात येशूची तसबीर दिसली, तेवढ्यावर तिचा महार जातीचा दावा समितीने फेटाळला होता. २०२३मध्ये नागपूर खंडपीठाने तो निर्णय रद्द केला: तसबीर आहे म्हणजे धर्मांतर झालं असं होत नाही. तिच्या घरी बाप्तिस्मा झाल्याचा पुरावा नव्हता. इथल्या अनेक घरांत झालेला आहे, आणि चर्चच्या वहीत त्याची तारीखही आहे.

नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका प्रकरणात ख्रिस्ती आचरण चालू ठेवून केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवणं ही राज्यघटनेशी लबाडी ठरवली. सरपंचपद राखीव असलेल्या गावांत विरोधकांच्या तक्रार अर्जाला तेव्हापासून भक्कम आधार मिळाला आहे. सोबत नाताळातला एखादा फोटो जोडला की झालं. तिसऱ्या परिच्छेदालाच आव्हान देणारी याचिका २००४पासून तिथेच पडून आहे. २००७मध्ये एका राष्ट्रीय आयोगाने ही अट काढावी अशी शिफारस केली, ती सरकारने स्वीकारली नाही. २०२२मध्ये त्याच प्रश्नावर दुसरा आयोग नेमला गेला. दरम्यान वैधता प्रमाणपत्र हाती येईपर्यंत पोरांचा बाप्तिस्मा लांबणीवर टाकणारी कुटुंबं आहेत, आणि पाळकही आता त्यांना फारसं टोकत नाहीत.